ब्याऐंशी किलोचे सासरे

घरजावई होऊ नये असं शहाणी माणसं सांगतात. कारखानाजावई होऊ नये असं सांगणारा शहाणा मात्र वेळेवर भेटला नाही, म्हणून हा गृहस्थ सासऱ्यांच्या विमानाच्या कारखान्यात वजनखातं सांभाळत बसला होता. खातं म्हणजे तरी काय, तो एकटा, एक टेबल आणि जमिनीत बसवलेला एक मोठा काटा. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू, अगदी खिळ्यापासून खुर्चीपर्यंत, आधी त्या काट्यावर चढायची आणि तो "चालेल" म्हणाला तरच पुढं जायची. सगळे त्याला जावईबापू म्हणत. रंगारी म्हणायचा, मिस्तरी म्हणायचा, फाटकावरचा पहारेकरीही म्हणायचा. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे त्यानं कधी तोलून पाहिलं नाही.

विमान म्हणाल तर एवढंसं. जेट खरं, शेपटीजवळ दोन इंजिनं, सगळा थाट जेटचा. पण मोठ्या विमानाच्या पंखाखाली उभं केलं तर त्याचं पिल्लू वाटावं. पुढं दोन खुर्च्या, मध्ये दोन आणि सगळ्यात मागं, संडासाच्या दाराला खेटून, एक. ज्या डॉक्टर-वकील-ठेकेदारांना कामासाठी गावोगाव उडायचंय पण मोठं जेट झेपत नाही, त्यांच्यासाठी ते होतं. त्याला एक भारदस्त नाव होतं. ते पाटीवरच राहिलं, कारण सगळे त्याला पिटुकली म्हणत.

आता पिटुकलीची सगळी अब्रू तिच्या हलकेपणात. आणि एवढ्याशा विमानात कोण कुठं बसतं यालाही भारी महत्त्व. मागं जड झालं की नाक वर, पुढं जड झालं की नाक खाली. म्हणून कारखान्यात एक रीत होती. दर वर्षी एकदा प्रत्येकानं सगळ्यांदेखत काट्यावर उभं राहायचं, आणि जेवढं वजन भरेल तेवढी वाळू मिस्तरी त्याच्या नावाच्या पोत्यात भरायचा. चाचणीच्या उड्डाणाला माणसांच्या जागी ही पोती बसायची, रीतसर पट्टे बांधून. रंगाऱ्यानं प्रत्येक पोत्यावर धन्याचं नाव झोकात लिहिलं होतं. कुणाचं पोतं यंदा फुगलंय आणि कुणाचं आक्रसलंय, यावर जेवणाच्या सुट्टीत तासन्‌तास चर्चा चालायची.

एकच पोतं कधी उघडलं गेलं नाही. ते मालकांचं, म्हणजे सासरेबुवांचं. कारखाना सुरू झाला त्या दिवशी सगळ्यांना धडा घालून द्यायला मालक स्वतः पहिले काट्यावर चढले होते. ब्याऐंशी किलो भरले. पुढच्या वर्षी काट्यापाशी आले, काट्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माझं काय बघायचं? ज्याचं मन स्थिर, त्याचं वजन स्थिर."

मन स्थिर असेलही हो. पण माणूस बिस्किटांचा पुडा उघडला की संपवूनच उठायचा, आणि लोणी लावलेला पाव हे त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच, ते नुसतं तोंड हलवणं होतं. एका डॉक्टरनं "थोडं कमी करा" म्हटलं, तर मालकांनी वजन तसंच ठेवून डॉक्टर बदलला. एका शिंप्यानं "कापड जरा जास्त लागेल" म्हटलं, तर शिंपी बदलला. नवा शिंपी हुशार निघाला. तो दर खेपेला मापं वाढवायचा आणि दोष धुलाईला द्यायचा. अशा माणसाला वजन विचारायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हणतात ना, इथं तर मांजरच पगार देत होतं.

पिटुकली चालवायची ती मालकांची लेक, म्हणजे आपल्या जावयाची बायको. चाचण्या तीच घ्यायची. मागच्या खुर्चीवर मालकांचं पोतं असलं की खाली उतरून म्हणायची, "झकास. काही हात लावू नका." आणि मालक स्वतः बसले की उतरून मनगट चोळायची. "नाक वर उचलतंय. सारखं दाबून धरावं लागतं."

यावरून शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं की घोडं कुठं पेंड खातंय. पण कारखान्यात एकाहून एक हुशार माणसं, ती शोधाला लागली. आणि त्या शोधमोहिमेचे सेनापती कोण, तर मालक. "शेपटीकडं कुठंतरी वजन लपलंय," ते म्हणाले, "खणून काढा." मग मागचा गालिचा निघाला. संडासातला आरसा निघाला. संडासाचं दार निघून तिथं पडदा आला, पडदा निघून अर्धा पडदा आला. रंगाऱ्याला बोलावून मालकांनी फैलावर घेतलं, की शेपटीला रंगाचा हात जाड बसलाय. तो बिचारा काडीपैलवान माणूस, मान खाली घालून शेपूट खरवडत बसला. मालक शेजारी खुर्ची टाकून बिस्किटं खात त्याच्यावर देखरेख करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

असं करता करता शेवटच्या परीक्षेचा दिवस येऊन ठेपला. विमानखात्याच्या तपासनीस बाई येणार, पाचही खुर्च्यांवर खरीखुरी माणसं बसवून पिटुकली उडणार, बाईंचं समाधान झालं तर ती विकायला मोकळी, नाही तर कारखान्याला टाळं. आणि मागच्या खुर्चीवर कोण बसणार याबद्दल मालकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आदल्या दिवशी जावई आणि त्याची बायको जेवायला बसले होते.

"तू सांग बाबांना," ती म्हणाली. "वजन तुझं खातं."

"तू लेक आहेस. लेकीचं ऐकतात."

"मी सांगितलं तर ते रडतील. तू सांगितलंस तर चिडतील. चिडलेले परवडले."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर काय? नाक वर आलं की दाबीन. रोज दाबतेच."

"उद्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या असणार. दाबून दाबून सुकाणूची दांडी पार टोकाला टेकली आणि तरी नाक खाली आलं नाही तर?"

तिनं पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही, तसाच खाली ठेवला.  इतके दिवस जावयाला सासऱ्यांची भीती वाटत होती, आता त्याला तिच्यासाठी भीती वाटली, आणि ही भीती अगदी वेगळी होती. जेवण तसंच टाकून तो कारखान्यात परत गेला.

आता सरळ जाऊन बोलावं की नाही? पण सरळ बोलेल तो जावई कसला. त्यानं युक्ती काढली. विमानातून काढलेला तो गालिचा त्यानं काट्यावर अंथरला, आकडा दाखवणारी खिडकी वर्तमानपत्रानं झाकली आणि मालकांना निरोप धाडला, की गालिच्याचा नवा नमुना आलाय, पाय ठेवून सांगा कसा वाटतो. मालक आले, पण एकटे आले नाहीत. सासूबाई त्यांच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या, त्याही बरोबर आल्या आणि डब्यासकट गालिच्यावर उभ्या राहिल्या.

"मऊ आहे," मालक म्हणाले.

"मऊ आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही जरा बाजूला होता का?"

"का हो जावईबापू? मी गालिचा खराब करते का?"

झालं. त्यानं वर्तमानपत्राखाली डोकावून पाहिलं. आकडा दोनशेच्या वर होता आणि त्यात सासरे किती, सासू किती, डबा किती, हे काही काटा सांगत नाही. दोघं खाली उतरले आणि मालक गेले, तेव्हा त्यानं डबा आणि गालिचा तोलून वजा केला. उरल्या सासूबाई. मग त्यानं आयुष्यातलं सगळ्यात धाडसी वाक्य उच्चारलं.

"आई, तुमचं वजन किती असेल?"

सासूबाईंनी छताकडं पाहिलं. "पासष्ट."

ही पासष्ट त्या ब्याऐंशीची सख्खी बहीण होती, हे त्याला दिसत होतं. पण करतो काय? सासूला "खरं सांगा" म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय. तेव्हा त्यानं दुसरा मार्ग धरला, आणि तो भित्र्या माणसाचा मार्ग होता. शिशाचे ठोकळे घेतले, पिटुकलीच्या नाकातलं झाकण उघडलं, अंदाजानं ते आत रचले, आवळून बसवले आणि झाकण लावून टाकलं. शेपटीवरचा रंग खरवडून जेवढं वाचवलं होतं, त्याच्या शंभरपट वजन त्यानं नाकात कोंबलं आणि घरी जाऊन शहाण्यासारखा झोपला.

सकाळी मालक नवे कपडे घालून सगळ्यांच्या आधी हजर. लग्नघरात यजमान हिंडतो तसे ते शेडमध्ये हिंडत होते, हे झाकण ठोक, ती फट बघ. नाकाचं झाकण ठोकलं तर आवाज बद्द आला. उघडून पाहतात तो आत शिसं.

"माझ्या पिटुकलीत शिसं?" त्यांचा चेहरा असा पडला, की घरात चोर शिरला असता तरी इतका पडला नसता. "आम्ही इथं संडासाचं दार काढतोय आणि कुणीतरी नाकात शिसं भरतोय? मिस्तरी, आत्ताच्या आत्ता काढा."

मिस्तरीनं जावयाकडं पाहिलं. जावयानं स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. शिसं बाहेर आलं, आणि तेवढ्यात तपासनीस बाई पोचल्या.

बाई शांत होत्या, फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, अर्ध्या पडद्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि जावयाच्या बायकोला बाजूला घेऊन प्रश्न विचारायला लागल्या. एरवी ती सगळ्यांच्या आधी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसायची, त्यामुळं पुढं थोडं वजन असायचं. आज ती खालीच राहिली. मालकांना काही धीर धरवेना. "चला, बसून घेऊ," म्हणत ते शिडी चढले, वाकून मागं गेले आणि आपल्या खुर्चीवर स्थानापन्न झाले. त्यांच्या पाठोपाठ सासूबाई चढल्या.

त्यांचा दुसरा पाय आत पडला आणि पिटुकलीनं नाक उचललं. घाईगडबड नाही, धडपड नाही. एखाद्या म्हातारीनं निवांत बसून घ्यावं तशी ती शेपटीवर बसली. पुढचं चाक अधांतरी, आणि आत सासूबाई घसरत जाऊन थेट मालकांच्या मांडीवर.

"काय झालं?" मालकांनी खिडकीतून विचारलं. ते जवळजवळ छताकडं तोंड करून बसले होते.

"फरशीला उतार आहे, मालक," रंगारी म्हणाला.

"चाकातली हवा," मिस्तरी म्हणाला.

"वारा सुटला," पहारेकरी म्हणाला. शेडची दारं बंद होती.

जावयाची बायको धावली आणि नाकाला मिठी मारून लोंबकळली. रंगारी तिच्यापाठी लोंबकळला, पण तो असून नसून सारखाच. नाक तसूभरही खाली येईना. तपासनीस बाईंनी चष्मा पुसला आणि जावयाला विचारलं, "मागच्या खुर्चीवर किती वजन धरलंय तुम्ही?"

"ब्याऐंशी."

"आणि बसलंय किती?"

 जावयानं वर पाहिलं. त्याची बायको नाकाला धरून लटकली होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ती त्याच्याचकडं बघत होती. हसत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती बघत होती. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली.

"माहीत नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "आमच्याकडं त्यांचं पोतं आहे, त्यांचं वजन नाही. पोतं पहिल्या दिवशी भरलं, नंतर कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही. शिसं मीच भरलं, तेही गुपचूप. आणि बाबा, तुम्ही माझ्यावर खुशाल चिडा, पण हे विमान घेऊन तुमची लेक वर जाते. खाली उतरा आणि काट्यावर या."

 मग सासूबाई उतरल्या, नाक हळूहळू खाली आलं आणि मागून मालक उतरले. कुणाकडं न बघता ते काट्यापाशी गेले. बूट काढले. घड्याळ काढलं. चष्माही काढला.

"श्वास सोडून उभं राहू?"

"कसेही राहा, बाबा."

"आकडा मोठ्यानं वाचा. सगळ्यांचा वाचता तसा."

जावयानं वाचला. "एकशे सव्वीस."

मालक काट्यावरच उभे राहिले. "पोतं मात्र चांगलं टिकलं," ते म्हणाले. मिस्तरीला हसू आवरलं नाही, मग रंगाऱ्याला, मग सगळ्यांनाच. शेवटी मालकांचंही पोट हललं.

"मागं नाही चालायचं," तपासनीस बाई म्हणाल्या. "पुढं बसत असतील तर बघा."

जावयानं तिथल्या तिथं हिशेब मांडला. मालक पुढं लेकीच्या शेजारी, बाई आणि सासूबाई मध्ये, मागं तो स्वतः. सासूबाईही न बोलता काट्यावर चढून उतरल्या, आणि त्यांचा आकडा त्यानं मनातच ठेवला. तोल बरोब्बर बसत होता. इतके दिवस जे गणित सुटत नव्हतं, ते मालकांना दोन खुर्च्या पुढं सरकवल्यावर सुटलं.

"मी काय म्हणतो," मालक घाईनं म्हणाले, "मी येतच नाही. तुम्ही मंडळी जाऊन या. मिस्तरीला न्या."

सगळे चाट पडले. ज्या उड्डाणासाठी या माणसानं नवे कपडे शिवले, ते तो मिस्तरीला देऊन मोकळा होत होता.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "एक बाहेर पडलंच आहे तर दुसरंही सांगून टाका." मालक बूट घालण्यात गुंतले. मग सासूबाईंनीच सांगितलं. "यांना भीती वाटते. पुढं बसलं की खालचं दिसतं. म्हणून त्या पडद्याशी जाऊन बसतात आणि डोळे मिटून घेतात. तुम्हा सगळ्यांना वाटतं, विचार करतायत."

लेक नाकापासून दूर झाली. "बाबा? मग विमान कशाला बनवलंत?"

मालकांनी बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "मोठ्या विमानात बसलो की जीव जायचा माझा. म्हटलं, छोटंसं बनवू. आपलं बनवू. छोट्या विमानाची भीती छोटी असेल."

"आणि?"

"नाही गं. तेवढीच आहे."

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि त्यांच्या हातातली नाडी घेऊन तिनंच बांधली. "बाबा, पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारच्या खुर्चीवर वाळूचं पोतं बसतं. कधी रंगाऱ्याचं, कधी मिस्तरीचं. बोलत नाही, चालत नाही. एकदा तुम्ही बसा."

मालक उठले, शिडी चढले आणि आत गेल्यावर सवयीनं मागं वळले. मग थांबले आणि पुढं गेले.

पिटुकली धावपट्टीवर सुटली तेव्हा जावई मागच्या खुर्चीवर बसून नाकाकडं डोळे लावून होता. चाकं सुटली. जमीन खाली गेली. त्यानं हळूच विचारलं, "नाक?"

"जागेवर आहे," ती म्हणाली. तिचा एक हात मांडीवर होता. मालक विमानात असताना पहिल्यांदाच त्या हाताला काही काम नव्हतं, आणि जावयाच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मालक खुर्चीच्या दोन्ही कडा पकडून डोळे घट्ट मिटून बसले होते. मध्ये सासूबाई ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. तपासनीस बाई लिहीत होत्या. बराच वेळ तसाच गेला. मग मालकांनी एक डोळा उघडला. खाली नदी होती, तिच्या दोन्ही बाजूंनी शेतं होती, आणि त्यांच्यावरून पिटुकलीची एवढीशी सावली पळत होती. त्यांनी दुसराही डोळा उघडला.

"हे सगळं असं दिसतं पुढून?"

"असंच दिसतं, बाबा."

"आणि तू रोज हे एकटीच बघतेस?"

लेक समोर बघत राहिली. पण मागून जावयाला तिच्या कानाची पाळी लाल झालेली दिसली, आणि तिनं बाहीनं नाक पुसलेलं दिसलं.

तपासनीस बाई खाकरल्या. "डावीकडं वळण घेऊन दाखवा."

मालकांचे हात पुन्हा खुर्चीला चिकटले. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"घे," ते लेकीला म्हणाले. "पण मला सांगून घे."